गाडी थांबली की का हादरते?

कोल्हापूरजवळच्या उचगावात गॅरेज असलं की गाड्यांची ददात नसते. अंगावरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, हुपरीचा रस्ता इथूनच फुटतो, शेजारी गांधीनगरची कापडपेठ, एकीकडं शिरोलीची आणि दुसरीकडं गोकुळ शिरगावची एमआयडीसी. व्यापारी येतात, फौंड्रीतले कामगार येतात, शेतकरी येतात, आणि एक तक्रार सगळ्यांच्या तोंडी असते. “मेस्त्री, पळताना गाडी एक नंबर आहे, पण दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला की स्टेअरिंग थरथरायला लागतंय बघा.”

या एका तक्रारीपायी लोकांचे फार पैसे वाया जातात. आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरं, आणि थरथर तिथंच. हे बघून जीव तुटतो, कारण या दुखण्याचं निदान बरंचसं पाना हातात न घेताच होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडीत काय फरक पडतो ते बघायचं.

१. बॉनेट उघडण्याआधी मालकाला बोलू द्या.
थरथर सकाळी गार इंजिनला येते की गरम झाल्यावर? एसी चालू असताना की बंद असतानाही? पेट्रोलवर की गॅसवर? नुकतंच कुठं काम झालंय का? बॅटरी काढली होती का? गार असताना हादरून गरम झाल्यावर शांत होणारी गाडी आणि गार असताना शांत राहून गरम झाल्यावर हादरणारी गाडी, या दोघींचे दोष बहुतेक वेळा वेगळे असतात. ही पाच मिनिटं घाईत घालवू नयेत.

२. इंजिनला सिलिंडर किती, ते आधी बघा.
तीन सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनाइतकं शांत उभं राहत नाही, आणि तो बिघाड नव्हे. चार सिलिंडरमध्ये क्रँक अर्धा फेरा फिरला की एक स्फोट होतो; तीनमध्ये दोन स्फोटांत २४० अंशांचं अंतर असतं, शिवाय इंजिन दोन्ही टोकांना वर-खाली झुलू पाहतं. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती. २०२४ च्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडर आहेत, आधीच्या पेट्रोल स्विफ्टला चार होते. वॅगन आरमध्ये एक लिटरच्या इंजिनाला तीन आणि १.२ लिटरच्याला चार. जुनी स्विफ्ट विकून नवी घेतलेला माणूस काळजीनं येतो, तेव्हा त्याला तसल्याच दुसऱ्या गाडीत बसवावं. दोन्ही सारख्याच थरथरत असतील तर त्याचा एक रुपयाही खर्च होऊ देऊ नये.

३. थरथर बारीक आहे की ठोके पडतात?
माझ्या मते निदानाचा गाभा हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला जेमतेम सात वेळा. चारही सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात.

आता एक सिलिंडर पेटेनासा झाला, आमच्या भाषेत गाडी मिसिंग करायला लागली, की सेकंदाला सहा-सात ठोके पडतात. ते सीटवर वेगवेगळे कळतात, गिअरचा दांडा लंगडल्यासारखा हलतो, आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरला तर फुंकर मध्येच तुटते. उलट फाउंडेशनचं रबर गेलं असेल किंवा सायलेन्सरची नळी कुठं बॉडीला टेकली असेल, तर इंजिन एका लयीत चालतं, फक्त त्याची एकसारखी बारीक गुणगुण स्टेअरिंगमध्ये आणि आरशात उतरते. ठोके असतील तर दोष इंजिनाच्या आत, हवा-पेट्रोल-ठिणगीत शोधा. गुणगुण असेल तर इंजिन ज्यावर बसलंय तिथं शोधा. एवढं कळलं तरी निम्मा खर्च वाचतो.

४. फुकटातल्या तपासण्या.
गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा आणि एकेक करून बघा. एसी बंद करा. थरथर गेली तर एसीचं ओझं इंजिनाला पेलत नाही, किंवा कॉम्प्रेसरच्या बाजूला काहीतरी आहे. क्लच पूर्ण दाबा. आवाज किंवा थरथर बदलली तर क्लच आणि गिअरबॉक्सकडं वळा. अ‍ॅक्सिलरेटर हलका देऊन बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर धरा. थरथर गेली तर फाउंडेशनचा किंवा स्लो स्पीडचा संशय घ्या. ठोके तसेच राहून जलद झाले तर मिसिंगचा.

आणि एक तपासणी हमखास राहून जाते. सिग्नलला थांबलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर असतो. ब्रेक-बूस्टरच्या पडद्याला किंवा त्याच्या नळीला गळती असेल तर ब्रेक दाबल्यावर इंजिनात जास्तीची हवा शिरते आणि इंजिन अडखळतं. गॅरेजमध्ये पाय ब्रेकवर नसतो, म्हणून तिथं गाडी शहाण्यासारखी उभी राहते. सपाट जागी हँडब्रेकवर उभी करून ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा दाबा. फेरे खालीवर होत असतील तर प्लगला हात लावू नका.

५. फाउंडेशन.
आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांना तीन फाउंडेशन असतात: एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या, आणि एक खाली, इंजिनाला मागे-पुढे झुलू न देणारं. ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते आणि गावागावातले स्पीडब्रेकर यांवर खालचं रबर लवकर फाटतं. तपासायला एकानं आत बसून ब्रेक घट्ट दाबावा, पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडावा, मग रिव्हर्स टाकून तेच करावं. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते बघावं. गाडीपुढं किंवा मागं कुणी उभं राहायचं नाही, हे मी पोरांना रोज बजावतो. काही फाउंडेशनमध्ये तेल भरलेलं असतं. ते गळून खाली काळा डाग दिसला की ते संपलं.

स्वस्तातलं टणक रबर बसवायला मी नकार देतो. ते इंजिनाला घट्ट धरतं, पण कंपन अडवत नाही, उलट जास्त आत आणतं. दुसरं म्हणजे बोल्ट एकेक करून आवळायचे नाहीत. सगळे सैल लावून इंजिनाला आपल्या जागी बसू द्यायचं, मग आवळायचं. नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवसापासून पिळलेलं राहतं. आणि फाउंडेशनवर खर्च करण्याआधी खाली वाकून सायलेन्सरचे हँगर, एसीच्या नळ्या आणि खालचं गार्ड कुठं घासत नाहीत ना, ते बघायला काहीच लागत नाही.

६. मिसिंग असेल तर कॉइलची अदलाबदल.
स्कॅनरवर पी ०३०१ दिसलं तर पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. पण तो कॉइलमुळं, प्लगमुळं की इंजेक्टरमुळं, हे स्कॅनर सांगत नाही. इंजिन बंद करून पहिली कॉइल दुसऱ्यावर लावा. आता पी ०३०२ आलं तर कॉइलच खराब. नाही आलं तर तसंच प्लगचं करा. सीएनजीच्या गाडीत गॅसवर हादरा आणि पेट्रोलवर शांतता असेल तर गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटर बघायचेच, पण प्लगही काढून बघा. गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळं थकलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जळतो. एका कॉइलच्या कितीतरी पट पैसे मग तिथं जातात.

७. थ्रॉटलची काजळी.
महामार्गाच्या सहापदरीच्या कामाची धूळ, अडकलेला एअर फिल्टर आणि इंजिनाची तेलकट वाफ यांनी थ्रॉटलच्या झडपेवर काजळी धरते. साफ केल्यावर स्कॅनरनं नवी नोंद करून द्यावी, नाहीतर फेरे काही दिवस चढेच राहतात. इलेक्ट्रॉनिक झडप बोटानं ढकलू नये.

८. डिझेलची जुनी सवय सोडा.
जुन्या पंप-नोजलच्या इंजिनात चालू गाडीवर एकेका नोजलचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधता यायचा. कॉमन रेलमध्ये हे अजिबात करू नका. त्या नळीत उभ्या गाडीलाही शेकडो बारचा दाब असतो. उडालेली धार कातडीत घुसते आणि हात जाऊ शकतो. त्याऐवजी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावा. ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप भरली, तो गळतोय.

९. पुरातून आलेली गाडी.
२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. असल्या पाण्यातून गाडी घातली आणि ती बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका, पाया पडून सांगतो. पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी वाकलेल्या रॉडनंही गाडी सुरू होते, चालते, फक्त उभी राहिली की हादरते. पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, म्हणून त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी येतं. अशा गाडीवर प्लग-कॉइलचा खर्च करत बसू नका, आधी कॉम्प्रेशन मोजा. तो रॉड पुढं कधीही तुटून ब्लॉक फोडू शकतो.

१०. गाडी ताब्यात देताना.
मालकाला शेजारी बसवा. तक्रार ज्या परिस्थितीत होती, ती सगळी तशीच उभी करा: इंजिन गरम, एसी चालू, पाय ब्रेकवर. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबा. फॅनचं पातं तुटलेलं असेल तर फॅन लागला की थरथर येते आणि तो बंद झाला की जाते. इंजिनात काडीचा दोष नसतो. कमी वेळ थांबलं तर हे दिसत नाही, आणि मालक कावळा नाक्यापर्यंत जाऊन परत येतो.