एक वर्ष थांबलं तर प्रवेश हुकेल?

प्रश्न : मी यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. एम.एस्सी. करायचंच आहे, पण घरी पैशांची ओढाताण आहे आणि खराडीत नोकरी मिळते आहे. वर्षभर थांबेन म्हणते, तर सगळे घाबरवतात, 'गॅप पडला की प्रवेश मिळत नाही.' खरं आहे का?
– एक वाचक, विश्रांतवाडी, पुणे

उत्तर : नाही, हा गैरसमज आहे. एका वर्षाच्या खंडामुळे एम.एस्सी.चं दार बंद होत नाही. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेवढं द्या. नोकरीचं अनुभवपत्रही जपून ठेवा.

तरी निर्णयाआधी एक पाहा. अडचण फक्त फीचीच असेल, तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या आणि विद्यालक्ष्मी पोर्टलवरून मिळणारं शैक्षणिक कर्ज यांची चौकशी करा. कदाचित थांबावं लागणारच नाही.

थांबायचं ठरलं, तर अभ्यास सोडू नका. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची 'जॅम' परीक्षा फेब्रुवारीत असते. तिचे अर्ज मात्र आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. 'जॅम'चे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. यंदाच्या गुणांवर पुढच्या वर्षी प्रवेश मिळेल, असं गृहीत धरू नका. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला लागत असेल, तर मुदत तपासून वेळेत नवा काढा.

खरा धोका पगाराची सवय लागून शिक्षण लांबण्याचा असतो. म्हणून परतीचा महिना आजच घरच्यांना सांगून ठेवा आणि पगारातली ठरावीक रक्कम फीसाठी बाजूला टाका. मग निर्धास्त थांबा.