दृष्टिहीनांची साधने : प्रात्यक्षिक कोणासाठी?

साधनवाटपाच्या शिबिरात किंवा शहरातील एखाद्या दुकानात पुढील दृश्य अनेकदा पाहावयास मिळते. टेबलावर ‘बोलणारा संगणक’ मांडलेला असतो. समोर एक दृष्टिहीन तरुण आपल्या बहिणीसोबत बसलेला असतो. विक्रेता हातात माऊस घेतो, पडद्यावरील एका चित्रावर टिचकी मारतो आणि म्हणतो, “हे बघा, इथे दाबलं की सगळं वाचून दाखवतो.” संगणक दोन वाक्ये बोलतो. मग तो बहिणीकडे वळून विचारतो, “ताई, यांना जमेल ना हे?” ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या हाताला अजून कळफलकाचा स्पर्शही झालेला नसतो.

या विक्रेत्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव आहे ती माहितीची. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर आवाजात रूपांतरित करणाऱ्या प्रणालीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. ती माऊसने नव्हे, तर मुख्यतः कळफलकाने चालविली जाते. कारण माऊसचा बाण पडद्यावर कोठे आहे, हे पाहिल्यावाचून कळत नाही. टॅबची कळ, बाणांच्या कळा, संकेतस्थळावर एका शीर्षकावरून दुसऱ्यावर नेणारी ‘एच’ ही कळ, या बळावर सराव असलेली दृष्टिहीन व्यक्ती पत्र लिहिते, बँकेचे व्यवहार करते आणि डोळस माणसास शब्द वेगळे काढता येणार नाहीत इतक्या जलद गतीने ऐकते. माऊसने दिलेले प्रात्यक्षिक म्हणजे सायकल हाताने ढकलीत नेऊन ती कशी चालते हे सांगण्यासारखे होय.

हे ज्ञान दुर्मीळ आहे असेही नाही. ‘जॉज’ हा प्रसिद्ध स्क्रीन रीडर अमेरिकेत टेड हेंटर यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये बाजारात आला. १९७८ मधील मोटार अपघातात हेंटर यांची दृष्टी गेली होती. ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ मध्ये तयार करण्यास आरंभ केला. ते आणि त्यांचे सहकारी जेम्स तेह हे दोघेही दृष्टिहीन. साधन घडविणारे हात दृष्टिहीनांचे आणि ते विकताना अडखळणारे हात डोळसांचे, अशी ही विलक्षण परिस्थिती आहे. ‘एनव्हीडीए’ विनामूल्य मिळतो आणि मराठीही बोलतो, ही गोष्ट विक्रेत्याकडून सहसा ऐकावयास मिळत नाही. त्यात त्याचा लाभ नाही हे उघडच आहे.

अज्ञानाची किंमत मात्र ग्राहकास मोजावी लागते. ‘जॉज’ची परवाना न घेतलेली प्रत चाळीस मिनिटे चालते व नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. प्रात्यक्षिक दहा मिनिटांचे असल्याने ही गोष्ट तेव्हा ध्यानात येत नाही. परवाना न नोंदविताच यंत्र घरी पोहोचले, तर ते मध्येच मुके होते आणि घरातील मंडळी ‘मशीन बिघडली’ असे समजून ते बाजूला ठेवतात. भ्रमणध्वनीचेही तसेच. अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ सुरू केल्यावर एका स्पर्शाने चिन्हाचे नाव ऐकू येते आणि ते उघडण्यासाठी लागोपाठ दोनदा स्पर्श करावा लागतो. हे ठाऊक नसलेला दुकानदार पडद्यावर बोट घासत राहतो आणि अखेरीस फोन ‘हँग’ झाल्याचे जाहीर करतो. ही सोय फोनमध्ये मुळातच असते, तिच्यासाठी निराळे पैसे पडत नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण महत्त्वाची आहे. विक्रेता आपल्याजवळची निवडक फाईल उघडतो आणि यंत्र ती सुरेख वाचते. परंतु कार्यालयांतील कित्येक जुने मराठी दस्तऐवज युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झालेले आहेत. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती असंबद्ध रोमन अक्षरे व चिन्हे असतात आणि स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ तर केवळ चित्र असते. अक्षरओळख करून घेतल्याखेरीज तेथे वाचण्याजोगे काहीच नसते. शिक्षकाची जुनी प्रश्नपत्रिका किंवा ग्रामपंचायतीची स्कॅन केलेली सूचना घरी उघडली की यंत्र गप्प का बसते, याचे उत्तर येथे आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या फाईलऐवजी आपल्या नित्याच्या कामातील दोन फाईली वाचवून पाहिल्या, तर हा उलगडा तेथल्या तेथे होतो.

ब्रेल यंत्रांच्या बाबतीत चूक अधिक सूक्ष्म असते. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या त्याच रचना ध्वनिसाम्यानुसार भारतीय अक्षरांसाठी योजल्या आहेत. ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांची टिंबे एकच. म्हणून बोटांखाली टिंबे उमटविणाऱ्या यंत्रात मराठीची सारणी निवडावी लागते. ती न निवडता मराठी मजकूर उघडला, तर वाचकाच्या बोटांना अर्थहीन टिंबे लागतात. विक्रेत्यास ब्रेल वाचता येत नसल्याने त्याच्या दृष्टीने यंत्र उत्तम चाललेले असते! शिवाय प्रौढपणी दृष्टी गमावलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. ग्राहकास ते येते काय, हा पहिलाच प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

येथवरच्या चुकांनी पैसा व वेळ वाया जातो. काठीच्या बाबतीत शरीरास इजा होऊ शकते. दिल्लीच्या आयआयटीमध्ये विकसित झालेली व २०१४ मध्ये वापरात आलेली ‘स्मार्टकेन’ श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवरील अडथळे ओळखते आणि मुठीतील कंपनाने सूचना देते. झाडाची खाली आलेली फांदी किंवा उभ्या ट्रकची मागील बाजू साध्या काठीस लागत नाही, तेथे तिचा मोठा उपयोग आहे. परंतु रस्त्यावरील खड्डा, उघडे गटार व पायरी ही पांढऱ्या काठीच्या टोकानेच शोधावी लागतात. म्हणूनच हे उपकरण पांढऱ्या काठीवर बसविलेले असते. “आता काठी आपटत चालायची गरज नाही” असे सांगणारा विक्रेता ग्राहकास गटारात पाडण्याची व्यवस्था करीत असतो.

असे असूनही हा प्रकार चालू राहतो, याचे कारण खरेदीच्या पद्धतीत आहे. साधन निवडतो एक, पैसे देतो दुसरा आणि वापरतो तिसराच. केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून सुरू आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५ लाख ७४ हजारांच्या घरात होती. अशा खरेदीत दरपत्रके तपासली जातात, हमीचा कालावधी पाहिला जातो. परंतु वापरणाऱ्यास किती तास शिकविणार आणि कोण शिकविणार, ही अट पुष्कळदा नसते. ती नसेल तर विक्रेत्याने तरी शिकण्याचे कष्ट का घ्यावेत?

समितीच्या हाती यावर एक सोपी कसोटी आहे. विक्रेत्यास संगणकाचा पडदा बंद करून एक पत्र लिहून व जतन करून दाखविण्यास सांगावे. ‘एनव्हीडीए’मध्ये त्यासाठी पडदा काळा करण्याची सोयही आहे. ज्यास हे साधत नाही, त्याने शिकविण्याची जबाबदारी दुसऱ्या जाणकारावर, शक्यतो ते साधन रोज वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीवर, सोपवावी आणि त्या व्यक्तीचे मानधन दरपत्रकातच दाखवावे. प्रात्यक्षिकाच्या वेळी यंत्र ग्राहकाच्या हाती असावे. ‘इथे’, ‘तिथे’ असे न म्हणता ‘डाव्या कडेची वरून दुसरी कळ’ असे सांगावे, बोट धरून नेण्यापूर्वी विचारावे आणि प्रश्न सोबतच्या नातेवाइकास नव्हे, तर ग्राहकासच करावेत. बहिणीस विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर तो तरुण पंधरा मिनिटांत स्वतःच देऊ शकला असता. कळफलक तेवढा त्याच्यापुढे सरकवायचा होता.