छापील स्वरलिपी : स्वर तेच, मांडणी वेगळी

पाश्चात्य वादक पुढ्यातला छापील कागद वाचून वाजवतो. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. ऐन धावत्या स्वरांत पान संपले, तर ते उलटावे कोणी? आणि टिंबे बारीक असली, तर म्हाताऱ्या डोळ्यांनी करावे काय?

हॉलंडातील हान-वेन नीनहाउस व यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ साली लिलीपाँड ही संगणकप्रणाली सुरू केली. ती मोफत मिळते. तीत स्वर अक्षरांनी लिहावयाचे. रेषा, टिंबे, अंतरे ती स्वतःच आखते. पाच रेषांच्या पट्टीची उंची मुळात २० पॉइंट, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. हा एक आकडा वाढवला की टिंबांसकट सारे मोठे होते. लिहिलेला एकही स्वर बदलत नाही.

मात्र टिंबे वाढली की पानेही वाढतात, आणि पान भलत्याच जागी तुटते. तेव्हा वादकाला विसावा असेल ती जागा शोधून तेथे 'पेजब्रेक' ही आज्ञा लिहावी. हा शोध प्रणालीवरही सोपविता येतो. तरी आम्ही म्हणू, छापण्याआधी वाद्य हाती घेऊन एकदा पान उलटून पाहाच. वाजवणाराची अडचण ओळखून केलेली मांडणी, तीच खरी मांडणी.