मॉड्यूल सापडत नाही, तेव्हा काय करावे?



संगणकाच्या तासाला आपण पायथन शिकतो. पायथन ही संगणकाला कामे सांगण्याची भाषा आहे. नेदरलँड्स देशातील ग्विडो व्हान रॉसम यांनी ती तयार केली व १९९१ साली ती प्रथम लोकांपुढे आली. पायथन म्हणजे अजगर हे खरे, पण भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नाही. 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ते ठेवलेले आहे.

प्रोग्राम चालवला की कधी कधी पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर येतो. त्याच्या शेवटी असते, 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड' आणि पुढे एक नाव. झालं! वर्गात गलका होतो, "बिघडला रे संगणक!" कोणी लिहिलेला सगळा प्रोग्राम पुसून टाकतो. घरी सांगावे तर वडील विचारतात, "आता दुरुस्तीला किती पैसे लागतील?" पालकांनीही हे वाचावे म्हणून आधीच सांगते, की यात संगणक बिघडलेला नसतो आणि दुरुस्तीचा एक पैसाही लागत नाही. संगणक फक्त एवढेच सांगतो, "या नावाचे मॉड्यूल मी शोधले, मला सापडले नाही."

या लेखात इंग्रजी शब्द मी आपल्या अक्षरांत लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजीतच टाकावेत.

मॉड्यूल म्हणजे काय?

पेरणीच्या दिवसांत प्रत्येकाच्या घरी पाभर असतेच असे नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून आणून आपण काम भागवतो. प्रोग्रामचेही तसेच आहे. चित्र काढण्याची, चिठ्ठी टाकल्यासारखा कोणताही एक आकडा निवडण्याची, तारीख सांगण्याची अवजारे कोणी तरी आधीच लिहून ठेवलेली असतात. अशा अवजारांच्या फाईलला मॉड्यूल म्हणतात. ते आणण्याचा हुकूम म्हणजे 'इम्पोर्ट'. चित्र काढायचे तर आपण 'इम्पोर्ट टर्टल' असे लिहितो.

हुकूम मिळाल्यावर पायथन कोठे कोठे जातो? थोडी मॉड्यूले त्याच्या पोटातच असतात. बाकीच्यांसाठी त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी तो आपला प्रोग्राम ज्या फोल्डरात आहे तेथे बघतो. मग पायथनबरोबर आलेल्या मॉड्यूलांच्या फोल्डरात जातो. शेवटी बाहेरून आणून बसवलेली मॉड्यूले जेथे ठेवतात तेथे बघतो. कोठेच नाही मिळाले की लाल अक्षरे येतात. ही यादी आपल्यालाही बघता येते. 'इम्पोर्ट सिस' लिहावे आणि खालच्या ओळीत 'सिस डॉट पाथ' प्रिंट करावे.

आता कारणे बघू. ती याच क्रमाने तपासावीत असे माझे सांगणे आहे. का, ते पुढे कळेल.

१) आधी शेवटची ओळ वाचा

मजकूर लांबलचक असला तरी घाबरू नये. सापडत नसलेले नाव शेवटच्या ओळीत असते. ते कागदावर उतरवून घ्यावे. गंमत अशी, की कधी कधी ते नाव आपण मागितलेले नसतेच! उबुंटू असलेल्या संगणकावर 'इम्पोर्ट टर्टल' लिहिले, तर शेवटच्या ओळीत 'टीकेइंटर' हे नाव येऊ शकते. टर्टलला चित्राची खिडकी उघडण्यासाठी टीकेइंटर लागते आणि उबुंटूवर ते वेगळे बसवावे लागते. त्याचे नाव 'पायथन३-टीके'. म्हणजे कासव जागेवर आहे, कासवाची पाटी तेवढी हरवली आहे. नीट न वाचता टर्टलच पुन्हा पुन्हा बसवत राहिलो तर दिवस जाईल.

२) स्पेलिंग पाहा

टर्टलच्या शेवटी 'ई' आहे. तो बोलताना ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना सुटतो. दुसरे असे, की आपल्या मराठी लिपीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नसतात, इंग्रजीत असतात. 'रँडम'चे पहिले अक्षर मोठे टाकले तर पायथनच्या दृष्टीने ते वेगळेच नाव झाले. जुन्या पुस्तकात टीकेइंटरचे पहिले अक्षर मोठे छापलेले दिसते. पायथन २ मध्ये ते तसेच होते, पायथन ३ मध्ये लहान झाले.

३) फाईलचे नाव आणि जागा पाहा

समजा, तुम्ही पाढ्यांची अवजारे लिहून 'पाढे' नावाची फाईल केली. ती डेस्कटॉपवर ठेवली आणि प्रोग्राम मात्र पेनड्राइव्हवर. पायथन डेस्कटॉपवर बघणारच नाही. दोन्ही फाईली एकाच फोल्डरात ठेवाव्यात. नावाच्या शेवटी 'डॉट पीवाय' हवे. नोटपॅडमधून फाईल ठेवताना त्यापुढे 'डॉट टीएक्सटी' चिकटू शकते, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवते. ते दिसत नाही, पण पायथनला अडते.

याच्या उलटही होते. चित्राच्या प्रोग्रामलाच कोणी 'टर्टल' नाव देतो. मग पायथन पहिल्याच फोल्डरात आपली फाईल उचलतो आणि खऱ्या टर्टलपर्यंत पोहोचतच नाही! अशा वेळी 'मॉड्यूल सापडले नाही' असे न येता 'यात अमुक गोष्ट नाही' असा संदेश येतो. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असली की पत्र भलत्याच घरी पडते, तसा हा प्रकार. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीपासून पायथन अशा वेळी फाईलचे नाव बदलायला सुचवतो. 'टर्टल' ऐवजी 'माझी रांगोळी' असे नाव दिले की काम होते.

४) पुस्तक केव्हाचे आहे?

काही मॉड्यूले पायथनमधून काढून टाकली आहेत. 'डिस्टयुटिल्स' आणि 'आयएमपी' ही दोन २०२३ साली ३.१२ या आवृत्तीत गेली. जुन्या पुस्तकातील प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला तर स्पेलिंग बरोबर असूनही ती सापडणार नाहीत. तेथे नवा मार्ग शोधावा लागतो.

५) बाहेरून आणायचे असेल तर

वरचे सगळे तपासून झाले, तरच बसवण्याचा विचार करावा. टर्टल, रँडम, मॅथ ही पायथनबरोबरच मिळतात. ती बाहेरून आणायची नसतात. नमपाय मात्र आणावे लागते. त्यासाठी 'पिप' हे साधन आहे. ते 'पायपीआय' नावाच्या इंटरनेटवरील भांडारातून पॅकेज आणून देते. पिपचा हुकूम पायथनच्या तीन बाणांपुढे देऊ नये, तो कमांड प्रॉम्प्टवर द्यावा.

मागण्याचे नाव आणि भांडारातले नाव दर वेळी एकच नसते. 'पीआयएल' सापडत नसेल तर 'पिलो' बसवावे लागते. 'सीव्ही२' साठी 'ओपनसीव्ही-पायथन', 'यामल' साठी 'पाययामल'. त्यामुळे नाव आधी पुस्तकात किंवा त्या मॉड्यूलच्या मूळ माहितीत बघावे, अंदाजाने टाकू नये.

अंदाजाने का टाकू नये, हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. पायपीआयवर खाते काढून कोणीही पॅकेज ठेवू शकतो. वाईट हेतूचे लोक प्रसिद्ध नावासारखे दिसणारे नाव घेऊन बसतात आणि आपल्या हातून एखादे अक्षर चुकण्याची वाट पाहतात. २०१७ साली स्लोव्हाकिया देशाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाने अशी दहा पॅकेजे शोधून दिली व ती भांडारातून काढण्यात आली. त्यांतल्या एकाचे नाव 'यूआरएलआयबी३' होते. खऱ्या पॅकेजाच्या नावात एल हे अक्षर दोनदा आहे, याच्यात एकदाच! लाल अक्षरे आली तर नुकसान काहीच नाही. पण त्या घाईत भलतेच काही बसवले तर खरे नुकसान होऊ शकते. म्हणून स्पेलिंग दुसऱ्या पायरीवर आणि बसवणे पाचव्या पायरीवर ठेवले आहे.

६) बसवले, तरी सापडत नाही!

एका संगणकावर दोन पायथन असू शकतात. पॅकेज एकात बसते आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. घरात दोन कोठ्या आहेत, ज्वारी एकीत भरली आणि शोधतो दुसरीत, असे होते. कोणता पायथन चालू आहे ते 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट केल्यावर कळते. पिप नुसते न लिहिता 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' आणि पुढे नाव असे लिहावे, म्हणजे ज्या पायथनला हाक मारली त्याच्यातच पॅकेज बसते. उबुंटूवर 'पायथन' ऐवजी 'पायथन३' लिहावे. उबुंटूच्या नव्या आवृत्त्या पिपला थेट बसवू देत नाहीत. तेथे उबुंटूच्याच भांडारातून घ्यावे.

करून पाहा

एक लहान प्रोग्राम लिहा. त्यात मुद्दाम 'इम्पोर्ट' पुढे आपल्या गावाचे नाव टाका आणि चालवा. लाल अक्षरे येतील, शेवटच्या ओळीत गावाचे नाव दिसेल. मग त्याच फोल्डरात गावाच्या नावाची 'डॉट पीवाय' फाईल करा, त्यात एक ओळ प्रिंट करायला सांगा आणि पहिला प्रोग्राम पुन्हा चालवा. लाल अक्षरे गेलेली असतील. आई-वडील शाळेत येतील तेव्हा त्यांनाही हे दाखवा.

पुढे कोणाला असा संदेश आला तर प्रोग्राम पुसू नका. शेवटची ओळ चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरवा आणि भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका. पुढील अंकात आपण सगळे मिळून उत्तरे शोधू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी