खांद्यावरच्या पट्ट्या उतरवल्यावर

पारनेर

चि. बाळ,


नौदलातली दहा वर्षं पुरी झाली की गावी येऊन जिल्हा परिषदेला उभी राहणार, हे तुझं पत्र वाचून तुझी आई घाबरली. मला मात्र भरून आलं. मामाचा सल्ला मागितलास, म्हणून लिहितो.

ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांची कारकीर्द आधी समजून घे. १९७१ च्या युद्धात ते ‘आयएनएस बियास’चे कप्तान होते, वीरचक्राचे मानकरी. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. १९९२ मध्ये नौदलात वैद्यकीय शाखेबाहेरही स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या, त्या त्यांच्याच काळात. तुझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांची वाट तिथून निघाली आहे. निवृत्तीनंतर त्यांनी अलिबागजवळच्या खेड्यात शेती केली. ज्या पाकिस्तानशी लढले, त्याच देशाच्या लोकांशी मैत्री व्हावी म्हणून झटले. २००४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो पाकिस्तानच्या आय. ए. रेहमान यांच्या जोडीने.

पुढे ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. २०१५ च्या फेब्रुवारीत पक्षाने दिल्लीत ७० पैकी ६७ जागा जिंकल्या. सगळीकडे गुलाल उधळला जात असताना या ऐंशी ओलांडलेल्या माणसाने पक्षांतर्गत लोकशाहीचे प्रश्न लेखी विचारले. मार्चअखेर त्यांचं पद गेलं. जहाजावर टेहळणीला उभा असलेला खलाशी दिसलं ते सांगतो, कप्तानाची मर्जी बघून नाही. हे तुला मी काय सांगावं?

मी हे शिकलो नाही, बाळ. सरपंच असताना एका उन्हाळ्यात टँकरच्या खेपा कागदावर जास्त नि वाडीवर कमी पडताहेत, हे मला दिसत होतं. आपलीच माणसं दुखावतील म्हणून गप्प बसलो. त्या उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन तासन्‌तास उभ्या राहिल्या. ते आजही मला टोचतं.

दुसरी गोष्ट. इथे तुला कोणी सलाम ठोकणार नाही आणि नुसता हुकूम देऊन एक चर खणला जाणार नाही. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून परतले, तेव्हा त्यांनी आधी साठवलेल्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं. गावाचा विश्वास बसला, मग पाणलोटाची कामं उभी राहिली.

म्हणून परत आलीस की तिकिटासाठी पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवू नकोस. एक अख्खा उन्हाळा वाड्यावस्त्यांवर चाल, टँकरपाशी उभी राहा, ग्रामसभेत शेवटच्या ओळीत बसून ऐक. जे दिसेल ते वहीत लिही. निवडून आलीस तर तीच वही सभागृहात उघड, समोर आपल्या पक्षाचा अध्यक्ष बसलेला असला तरी.

तुझा,
मामा