एकट्या मुलाचा सवंगडी

दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर

चि. भाच्यास,

एकाकी मुलावर लघुपट करू पाहणाऱ्या चिरंजीवाने संहितेच्या पहिल्याच प्रसंगात ढगांतले राजवाडे उभे केले आहेत; परंतु पलायनवादी कल्पना, म्हणजे सोसवत नाही अशा वास्तवातून सुटण्यासाठी मनाने रचलेले जग, ती कशापासून पळते हे दिसल्याखेरीज प्रेक्षकाला भिडत नाही.

याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीमागे हिंडतो, कारण तिची राख आपल्याला आवडणाऱ्या शालू या मुलीवर टाकली की ती वश होईल असे त्याला वाटते; हा भाबडा विश्वास पटतो, कारण डुकरे धरण्याचे लादलेले काम आणि गावाचे हसणे आधीच अंगावर आलेले असते. ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान मिळवणाऱ्या त्यांच्या ‘पावसाचा निबंध’ या लघुपटात पावसाच्या सौंदर्यावर लिहायला सांगितलेल्या मुलाचे घरच गळते.

आल्बेर लामोरिस यांच्या ‘लाल फुगा’ (१९५६) या फ्रेंच लघुपटात संवाद जवळजवळ नाहीत, तरी फुगा मित्र वाटतो; त्याला बसमध्ये मज्जाव होतो, घरात आणताच खिडकीबाहेर काढले जाते, आणि पॅरिसच्या करड्या गल्ल्यांत तो एकटाच लालभडक असतो. चमत्कार एकच आणि भोवतालचे सारे खरे, ही त्यातली शिस्त चिरंजीवाने मनापासून अभ्यासावी.

दुधनीत त्यासाठी काही आयात करण्याची गरज नाही. घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत मागच्या बाकावर गप्प बसते, उत्तर येत असूनही शब्द जुळेपर्यंत दुसऱ्याचा हात वर जातो. अशा मुलाचा कल्पित सवंगडी, म्हणजे फक्त त्यालाच दिसणारा सोबती, कन्नडच बोलेल, आणि ते बोलणे भाषांतराच्या ओळींशिवाय ऐकवावे. तो आडत दुकानातल्या तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर बसलेला असावा, आणि हमाल पोती उचलू लागले की त्याची जागा जावी. निराळ्या रोषणाईची गरज पडणार नाही.

संहितेच्या शेवटी शिक्षक त्या मुलाला समजावतात आणि सवंगडी नाहीसा होतो, तो प्रसंग गाळावा, कारण त्यात कल्पनेला दुखणे ठरवून बरे केल्यासारखे होते, आणि वर्गात त्याच्याशी कोणी बोलत नाही ही मूळ गोष्ट मात्र तशीच राहते.


मामा