नीळकंठ आणि नहेम्या

मनुष्याला जन्मानंतर मिळणारी पहिली मिळकत म्हणजे त्याचे नाव होय. ती त्याने स्वतः मिळविलेली नसते; वडीलधाऱ्यांनी आपल्या श्रद्धेनुसार ती त्याला दिलेली असते. म्हणूनच एखाद्याने पुढे धर्म बदलला, तर या मिळकतीचे काय करावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. वाराणसीत वाढलेल्या एका मराठी शास्त्र्याच्या चरित्रावरून हा प्रश्न आपणांस चांगला समजून घेता येईल.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या एका खेड्यात, कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शास्त्राध्ययन मात्र काशीत झाले. ख्रिस्ती धर्मोपदेशकांना वादात जिंकावे, हा त्यांचा आरंभीचा हेतू होता. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला उत्तर देण्यासाठी त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ रचून हिंदू धर्माचे मंडन केले. पुढे त्यांचेच मत पालटले आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांचे नाव 'नहेम्या' असे ठेवण्यात आले.

या दोन नावांचे अर्थ पाहण्यासारखे आहेत. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल जगाच्या रक्षणासाठी ज्याने कंठात धारण केले, तो नीळकंठ; म्हणजे साक्षात काशीचा स्वामी शिव. 'नहेम्या' हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ 'परमेश्वर सांत्वन करतो' असा आहे. बायबलमधील नहेम्या हा इराणच्या राजाचा प्यालेबरदार होता. पूर्वजांचे नगर उद्ध्वस्त झाल्याचे ऐकून तो रडला, राजाची अनुज्ञा घेऊन यरुशलेमेस गेला आणि त्याने नगराचा तट ५२ दिवसांत पुन्हा उभा करविला. दोन्ही नावे दैवी करुणेविषयीच बोलतात. तथापि अर्थाच्या या जवळिकीने काशीतील आप्तांचे समाधान होण्यासारखे नव्हते. नावाचा अर्थ कोशात सापडतो. ते नाव ज्या घरात हाकेला येते, त्या घराशी असलेले नाते कोशात सापडत नाही.

मग ख्रिस्ती होताना नाव बदललेच पाहिजे काय? आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची साक्ष वेगळी आहे. नव्या करारात येणारी अपुल्लोस, हर्मेस, फिबी ही नावे ग्रीक देवतांशी निगडित आहेत. ती धारण करणारे ख्रिस्ती होते आणि त्यांनी ती टाकली नाहीत. शौलाचा पौल झाला तो धर्मांतरामुळे, हा समजही बरोबर नाही. एक त्याचे यहुदी नाव होते, तर दुसरे रोमी.

आपल्याकडेही पुढे हाच मार्ग अनेकांनी पत्करला. बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले, पण नाव तेच राहिले. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. विष्णूचे नाव त्यांच्या ख्रिस्तभक्तीच्या आड आले नाही. त्यांच्या पत्नीचे उदाहरण अधिकच बोधप्रद आहे. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे काशीच्या प्रसिद्ध घाटाचेच नाव. विवाहानंतर त्या लक्ष्मीबाई झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हे दुसरे नाव कायम राहिले. अशा रीतीने त्यांचे नाव बदलले ते लग्नामुळे, धर्मांतरामुळे नव्हे. तांदळांत बोटाने नवे नाव रेखून वधूला नव्या घरात घेणाऱ्या समाजाला नामांतर मुळीच अपरिचित नव्हते. काशीत संन्यासदीक्षेबरोबर नवे नाव घेणारेही नित्य दिसत. बोच होती ती नाव कोणत्या घराण्याकडे, कोणत्या भाषेकडे नेते याची.

गोऱ्हे यांनीही आपले पहिले नाव पुसून टाकले नाही. षड्दर्शनांचे खंडन करणाऱ्या त्यांच्या हिंदी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८६२ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर नहेम्या, नीळकंठ, शास्त्री आणि गोरे अशी चारही पदे ओळीने छापलेली आहेत. पहिले पद श्रद्धा सांगते, दुसरे आईबापांची भक्ती, तिसरे विद्या आणि चौथे कूळ. त्यांची कन्या १८५३ साली वाराणसीत जन्मली. पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ती ओळखली गेली, ती एलन लक्ष्मी गोऱ्हे या नावाने.

टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्याच मुंबईत गोऱ्हे यांचे निधन झाले. १८४८ मध्ये नीळकंठाला नवे नाव मिळाले होते. १८९५ मध्ये नारायणाला तसे नाव घ्यावे लागले नाही. यांपैकी एकाची श्रद्धा दुसऱ्याहून उणी होती, असे कोणी म्हणणार नाही. यास्तव जुन्या ग्रंथावर किंवा थडग्यावरील शिळेवर असे जोडनाव दिसले, तर वाचकाने त्यातील एकाच शब्दावर थांबू नये; सर्व पदे क्रमाने वाचावीत. मनुष्य कोठून निघाला व कोठे पोहोचला, हे त्यांतून कळते, आणि वाटेत त्याने काय सोडले नाही हेही.